शेपूट नाही, सुई

"तू शेपूट धर," बद्रीनाथ शेठ म्हणाला. "सुई आता अभय बघंल."

करमाडच्या माळावर, सकाळच्या उन्हात, सगळ्या क्लबसमोर म्हणाला. आणि ज्या बाईला म्हणाला तिनं ते समोरचं विमान मुकुंदवाडीतल्या आपल्या दोन खोल्यांत, पलंग भिंतीला उभा लावून, फरशीवर बसून बांधलेलं होतं. एकेक फासळी तिच्या हातची. रंग तिच्या हातचा. इंजिनावर बसते ती फायबरची टोपीसुद्धा तिनंच साच्यावर ओतलेली.

बाहेरच्या माणसाला या वाक्यातली शिवी कळायची नाही. रिमोटवर उडणारं इंजिनाचं विमान सुरू करताना एक जण मागं उकिडवा बसून शेपूट धरतो, नाहीतर प्रोपेलर फिरला की विमान सुटतं आणि कुणाच्या तरी नडग्या फोडतं. शेपूट धरायला अक्कल लागत नाही. अंगात वजन असलं की झालं. दुसरा माणूस पुढं असतो. तो इंजिनाच्या सुईला हात लावतो. सुई म्हणजे कार्बोरेटरवरचा बारीक स्क्रू, इंजिनाला तेल किती जायचं ते ठरवणारा. क्लबात पैसेवाले असतील, शेठ असतील, पण मैदानावर मान एकाचाच असतो, सुईवाल्याचा. आणि ती सुई इतकी वर्षं सुकेशनीच्या हातात होती, हेच पुष्कळ जणांच्या घशात अडकलेलं होतं.

सुकेशनी उठून शेठसमोर उभी राहिली. मग म्हणाली, "आधी माझी फेरी. टाकी संपेपर्यंत. मधी इंजिन मेलं तर शेपूट धरते."

"मेलंच तर कायमची धरायची," अभय मागून म्हणाला.

"कायमची," ती म्हणाली. "पण नाय मेलं तर सुईकडं कुणी बघायचं नाय. तू तर अजिबात नाय."

दुपारी तिथं क्लबचा मेळावा होता. आसपासच्या गावांतल्या शाळांची पोरं येणार होती, मांडव घातलेला होता, माईकवर 'हॅलो, माईक टेस्टिंग' चाललं होतं. शेठ घड्याळाकडं बघत म्हणाला, "हौ. उडव एकदाचं."

तर हे सगळं इथवर कसं आलं, ते सांगतो.

सुकेशनी माझ्या गल्लीतली. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पार्ट तपासायचं काम करते. जिभेनं तिखट. तिच्याशी कुणी 'ताई, जरा ऐका ना' करून बोलायला लागलं की ती म्हणते, "जरा कामून? सगळंच ऐकव." माझी लोडिंग रिक्षा आहे. विमानाचे पंख स्कूटीवर न्यायचे म्हणजे वारा आला की बाईच उडायची, म्हणून दर रविवारी जालना रोडनं मी तिला करमाडला सोडायचो. सोडून परत यावं तर रिकाम्या रिक्षाचं भाडं कोण देणार? म्हणून मी तिथंच बसायचो. असं बसून बसून मला हे जग कळलं, आणि त्या जगातले लोकही कळले.

कॉलेजात ती एनसीसीच्या एअर विंगमध्ये होती. तिथं विमानाची मॉडेलं उडवायला शिकवायचे. शिकवायचे म्हणजे पोरांना. पोरींनी शेपूट धरायचं. का, तर म्हणे मुलींचे हात प्रोपेलरमध्ये जातील. पोरांचे हात काय लोखंडाचे होते? तिनं शेपूट धरलं. तोंडावर येणारा, इंधनातल्या एरंडेलाचा धूर गिळत, डोळे मिटून धरलं. आणि पुढं पोरं सुई पिळताना इंजिन काय काय आवाज काढतं ते मागं बसून ऐकत गेली. नंतर ती पोरं लागली नोकरीला, विसरली सगळं. ही विसरली नाही. त्यामुळे 'शेपूट धर' म्हटलं की तिच्या कानशिलाची शीर उडते. शेठला हे ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तो म्हणाला.

बद्रीनाथ शेठचं शेंद्र्याकडं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. माळाची जागा त्याची, मांडव त्याचा, आणि ते मोठं इंजिन क्लबचं, म्हणजे अर्थात त्याचंच. सव्वीस सीसी. स्कूटीच्या इंजिनापुढं हे लिंबाएवढं, पण फिरायला लागलं की माळावरचे कुत्रे शेपूट घालून ओढ्यात उतरतात. त्यात पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल आणि एरंडेल. ठिणगी पाडायचा प्लग नसतो. ग्लो प्लग असतो, त्यात केसाएवढ्या तारेचं वेटोळं. बॅटरी लावून ते एकदा लाल केलं आणि इंजिन पेटलं की बॅटरी काढून घ्यायची. मग इंजिन स्वतःच्याच गरमीनं त्याला लाल ठेवतं. लहान इंजिनं सोसतात. मोठं इंजिन मोठ्या घरच्या जावयासारखं असतं, जरा मनासारखं झालं नाही की फुगून बसतं.

सुई लावायची सुकेशनीची पद्धत मी शंभरदा बघितली असेल. आधी सुई मोकळी सोडायची. भसाभस धूर, इंजिन गडगड करतं, अडखळतं. मग हळूहळू आवळत जायचं. आवाज गोळा होतो, सरळ होतो, मग एकदम शिट्टीसारखा चढतो. अभयसारखे लोक तिथंच थांबतात, कारण तिथं भारी वाटतं. ती तिथून थोडी मागं येते. का, तर हवेत गेल्यावर प्रोपेलर हलका होतो, इंजिन आणखी पळतं, आणखी तेल मागतं. जमिनीवर शेवटच्या टोकाला लावलेली सुई हवेत उपाशी मारते. मग ती तेलाची नळी चिमटीत दाबून लगेच सोडते. आवाज क्षणभर चढला तर ठीक. पडला तर सुई जास्त आवळलीय. शेवटी विमान उचलून नाक आभाळाकडं करून धरायचं. तरी आवाज पडला नाही, तर उडवायचं.

असं सगळं करूनही ते इंजिन हवेत मरायला लागलं. दसऱ्यानंतर.

दसऱ्याला माळावर विमानांची पूजा असते. घरोघरी अवजारं पुजतात, गाड्या पुजतात, तशी ही. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. इंजिन क्लबचं म्हणून विमान पूजेला तिथंच राहतं, पण सुकेशनी त्या दिवशी तिथं कधीच नसते. आमच्यासाठी तो दिवस वेगळा. त्या दिवशी विद्यापीठामागचा सगळा रस्ता पांढऱ्या कपड्यांनी भरून बुद्धलेणीकडं चाललेला असतो, त्यात ती असते, मी असतो, आमची गल्ली असते. हे शहर जन्मल्यापासून बघणाऱ्याला माहीत नाही असं होईल का? तरी दरवर्षी क्लबात कुणीतरी साळसूदपणे विचारतंच, "मॅडम पूजेला दिसल्या नाय?"

त्याच्या पुढच्या रविवारी विमान झकास उठलं. दोन घिरट्या घेतल्या, वर चढायला लागलं, आणि आवाज हळूहळू बसत गेला. दमेकऱ्याला जिना चढवल्यावर बसतो तसा. मग एकदम शांतता. हवेत इंजिन मेल्यावरची ती शांतता फार वाईट असते. सगळे जण मान वर करून उभे, आणि वर एक मुकं लाकूड तरंगतंय. तिनं कसंबसं गवतात उतरवलं. चाक वाकलं, बाकी वाचलं.

"पूजेला नव्हती ना," अभय म्हणाला. "विमान रुसलं."

हा अभय शेठचा मेहुणा. लग्नात ड्रोन उडवतो. नवरानवरी हार घालताना वरून शूटिंग. बॅटरीवरचं यंत्र, बटण दाबलं की उडतं, सोडलं की थांबतं. त्याला इंजिनातलं इतकंच कळायचं की सुईला हात लावणाऱ्याचे फोटो चांगले येतात.

शेठ हसला नाही. त्यानं त्याहून वाईट केलं. शांतपणे म्हणाला, "एखाद्याच्या हाताला गुण नसतो बघ."

हात म्हटला त्यानं. आमच्यासमोर हात म्हटला. इतकी वर्षं याच हातानं सुई लावलेली चालली, त्याच्या पाहुण्यांसमोर विमान गरगर फिरलेलं चाललं, आणि एकदा इंजिन मेलं की हात दिसला! मी उठलोच होतो. सुकेशनीनं माझ्या शर्टाची बाही धरून खाली बसवलं. "बस दादा. गरम इंजिन बघू दे मला."

सायलेन्सरच्या तोंडाशी एरंडेल जळून तपकिरी झालं होतं, काकवीसारखं चिकटलेलं. म्हणजे इंजिन तापून मेलं होतं. तापतं कधी? तेल कमी पडलं तर. तेल कमी कशानं? सुई आवळली तर. म्हणजे दोष पुन्हा फिरून तिच्याच बोटांवर येत होता, आणि हे क्लबातल्या शेंबड्यालाही कळत होतं.

मग तिचे रविवार सुरू झाले. सुई मोकळी केली, इतकी की धुरात विमान दिसेना. तरी वर जाऊन मेलं. नवा ग्लो प्लग घातला. मेलं. टाकीच्या आतली नळी तडकली असेल म्हणून बदलली. मेलं. मोठ्या इंजिनाच्या थरथरीनं टाकीत तेलाला फेस येतो, म्हणून टाकीभोवती स्पंज कोंबला. तरी मेलं. गंमत म्हणजे टोपी काढून, विमान खुंट्याला बांधून माळावर चालवलं की तेच इंजिन टाकी रिकामी होईपर्यंत खणखणीत चालायचं. जमिनीवर पहिलवान, हवेत आजारी. थंडी पडली, हवा घट्ट झाली, म्हणून सुई अजून उघडली. काही नाही. दर वेळी विमान मुकं होऊन खाली यायचं, आणि दर वेळी ती ते गवतात, काट्यात, एकदा नांगरलेल्या ढेकळांत उतरवायची. कुठल्या तरी रविवारी ते उतरणार नव्हतं, आपटणार होतं. तिच्या पलंगाशेजारी वाढलेलं विमान.

अशात तिनं कडूबाशी भांडण काढलं.

कडूबा करमाडचाच. भावकीची मेंढरं त्याच माळावर चरायची, हा फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. क्लबचं इंधन तोच मिसळायचा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. झाकण ढिलं राहिलं की इंधन नासलं. सुकेशनीनं कॅन उघडून वास घेतला आणि त्याच्या तोंडावर म्हणाली, "पाणी हाय ह्यात."

"अक्का, झाकण म्या स्वतः आवळतो."

"मग कशानं मरतंय? की तू बाहेर विकतो आन् कॅनात पाणी भरतो?"

कडूबाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्या दुधात पाणी घातलं नाय कधी, तर ह्या विषात घालू?"

"मेंढीच्या दुधात घातलं तरी कुणाला कळतंय!"

हे वाईट बोलली ती. मला आवडलं नाही, पण तिला सांगायची माझी काय बिशाद. कडूबानं कॅन खाली ठेवला. जाता जाता एवढंच म्हणाला, "अक्का, एक डाव टोपी काढून उडव. बोडकं उडव."

"माझ्या टोपीला काय झालंय? तू तुझं झाकण बघ."

टोपी तिनं स्वतः ओतलेली. समोरून दोन भोकांतून वारा आत येणार, सिलिंडरला गारवा देऊन खालच्या मागच्या फटीतून बाहेर जाणार. ती फट तिनं मोजून, पुन्हा मोजून कापली होती. आत इंजिनाच्या गरमीनं फायबर जळू नये म्हणून चंदेरी पट्ट्या चिकटवल्या होत्या. जगातली कुठलीही गोष्ट चुकू शकत होती, ती टोपी सोडून. दर वेळी ती टोपी काढायची, आत नजर टाकायची, चंदेरी पट्ट्या दिसायच्या, बाजूला ठेवायची. स्वतःच्या कामावर संशय घ्यायची तिला सवयच नव्हती. कडूबा त्या दिवसानंतर तिच्याशी बोलला नाही. इंधन मात्र आणून ठेवायचा.

मी माझ्या परीनं कामाला लागलो. एक निवेदन लिहिलं. महिला खेळाडूचा जाणीवपूर्वक मानभंग, जातीय टोमणे, वगैरे सगळं मुद्देसूद. क्लबच्या अध्यक्षाला द्यायचं आणि प्रत पोलीस ठाण्याला. अध्यक्ष बद्रीनाथच, ते सोडा. चहाच्या टपरीवर तिला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "दादा, हे वाचून दाखवलं तर इंजिन थंड होतं का?"

"अगं, अन्याय आहे हा!"

"हाय. पण इंजिन खरंच मरतंय. ते कामून मरतंय ते आधी मला कळू दे. नायतर तुमचं निवेदन घेऊन शेठ म्हणंल, बाई जातीवर गेली, सुई जमेना म्हणून. आन् मग माझ्याकडं उत्तर काय?"

मला राग आला. अजूनही येतो. लढायला हातात कागद दिला तर ही बाई त्याच्यावर प्लग ठेवून पुसत बसली. खरंच बसली. एरंडेलाचा डाग पडला माझ्या निवेदनावर.

तर मेळाव्याची ती सकाळ. एक फेरी, टाकी संपेपर्यंत. सुकेशनीनं हात पुसले आणि टोपी बसवायला घेतली. एकेक स्क्रू लावत होती. या वेळी ती नवीन काहीच करत नव्हती, कारण करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. गुपचूप फासावर चढावं तशी स्क्रू आवळत होती.

तेवढ्यात शेठची गाडी आली आणि तिच्यातून सारजाबाई उतरल्या. शेठची आई. नऊवारी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हातात पोरांसाठी आणलेल्या बोरांची पिशवी. मेळाव्याला त्या दरवर्षी येतात. सरळ विमानापाशी आल्या, कंबरेवर हात ठेवून वाकल्या आणि म्हणाल्या, "काय गं पोरी, माझं सोनं हाय का अजून ह्याच्या टोपीत?"

सुकेशनीचा स्क्रूड्रायव्हर थांबला. "कसलं सोनं, मावशी?"

"आगं दसऱ्याचं. आपट्याची पानं. वाहिली नव्हती का म्या ह्याला? चांगली मूठभर, लाल चिंधीत बांधून."

"आई," शेठ मांडवातून ओरडला, "तू सावलीत चल. ऊन लागंल."

"लागू दे. म्या काय लोण्याची हाय?"

"आई, चल म्हणतो ना!"

त्या आवाजातच सगळं होतं. मी शेठकडं बघितलं, सुकेशनीनं बघितलं, लांब कॅनांपाशी उभ्या कडूबानंही बघितलं. शेठ मांडवाच्या दोऱ्या तपासायला लागला.

सुकेशनीनं लावलेले स्क्रू परत काढले. टोपी उलटी करून मांडीवर घेतली आणि आतल्या चंदेरी पट्ट्यांवरून बोट फिरवत गेली. एक पट्टी, दुसरी, तिसरी. खालच्या फटीपाशी बोट थांबलं. तिथली पट्टी फुगलेली होती. तशीच चंदेरी, तशीच चकाकणारी, वरून एरंडेलाचा थर. पण तिची नव्हती. एका कडेनं सुटलेली. बोटानं दाबली की फटीवर चपखल बसत होती, सोडली की वर येत होती. विमान उभं असताना वर. हवेत, समोरून वारा घुसला की फट बंद. आत आलेली गरमी आतच. चुलीवर झाकण ठेवल्यासारखं.

ती पट्टी सोलायला गेली.

"हात लावू नको!" शेठ धावत आला. "पूजेचं हाय ते."

माईकवालासुद्धा माईक सोडून बघायला लागला. 'हात लावू नको' हे शब्द आमच्या आज्यापणज्यांनी पाणवठ्यावर ऐकले, देवळाच्या पायरीवर ऐकले. माझ्या तोंडात शिवी आली होती, ओठापर्यंत आली होती.

सुकेशनीनं शेठकडं बघितलंसुद्धा नाही. टोपी सारजाबाईंसमोर धरली. "मावशी, तुमचं सोनं हाय. तुम्हीच काढा."

म्हातारीनं चष्मा सावरला, आत बघितलं आणि भुवया चढवल्या. "ही चिकटपट्टी कुणी लावली? म्या तर निसतं टोपीत ठिवलं होतं. बद्र्या, तू लावली व्हय?"

"उडताना पडलं असतं, आई. म्हणून आतून..." शेठचा आवाज पार खाली गेला होता. "पानं ती. पानानं काय होतंय?"

"पडलं तर पडलं असतं. सोनं काय विमानाला कोंडून ठिवायला वाहतेत?" म्हातारीनं नखानं पट्टी ओरबाडली. आतून काळी पडलेली चिंधी निघाली. तीत आपट्याची पानं, एरंडेलात तळल्यासारखी, एकमेकांना चिकटलेली. त्यांनी ती पदराला पुसली, कपाळाला लावली आणि कंबरेला खोचली.

"म्हणजे इतके दिवस तुम्हाला ठाऊक होतं?" मी शेठला विचारलं.

"ठाऊक काय होतं? पानं लावली ते ठाऊक होतं. त्यानं इंजिन मरतं हे मला कसं ठाऊक असणार? सुई तर तिच्या हातात होती!"

म्हणजे तरीही. तोंड वर करून, तरीही.

"दादा," सुकेशनी म्हणाली, "भांडण नंतर करा. शेपूट धरा."

मी धरलं. जन्मात पहिल्यांदा धरलं. दुसरं कोण धरणार होतं? अभय मोबाइलमध्ये बघत होता आणि क्लबातले बाकीचे लोक अचानक पोरांच्या खुर्च्या मांडायला लागले होते. मी उकिडवा बसलो, विमानाचं शेपूट मांड्यांमध्ये आवळलं.

"घट्ट धरा," ती म्हणाली. "निवेदन नाय ते."

टाकी भरायला इंधन कमी पडत होतं. तिनं कडूबाकडं न बघता हाक मारली, "कडूबा, कॅन आण."

तो आला. कॅन खाली ठेवताना म्हणाला, "अक्का, पाणी घालून आणू का बिनपाण्याचं?"

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. माफी मागितली नाही. ती मागत नसते. "बिनपाण्याचं," म्हणाली, "आन् नळी तू धर."

त्यानं नळी धरली. एवढंच त्यांच्यात झालं, आणि मला वाटतं तेवढं पुरलं.

इंजिन पेटलं. मी मागं बसलो होतो, त्यामुळे प्रोपेलरचा सगळा वारा आणि सगळा धूर माझ्या तोंडावर. एरंडेलाचे थेंब चष्म्यावर, मिशीवर. विमान असं ओढत होतं की जणू गोऱ्ह्याला धरलंय. पुढं सुकेशनी गुडघ्यावर, तोंड विमानाकडं नाही, भलतीकडं, कान इंजिनाकडं. गडगड, मग सरळ, मग शिट्टी. मग थोडं मागं. नळी चिमटीत धरून सोडली. आवाज चढला. तिनं विमान माझ्याकडून घेतलं, नाक वर करून आभाळाला दाखवलं, आणि आवाज तसाच. तेव्हा मला कळलं की ती कॉलेजात इतकी वर्षं काय ऐकत होती.

विमान उठलं. मी चष्मा पुसेपर्यंत ते सागाच्या झाडांवर गेलं होतं. चढायला लागलं. इथंच, नेमकं इथंच दर वेळी त्याचा दम बसायचा. शेठ मांडवाचा खांब धरून उभा होता. त्याला काय हवं होतं, मरावं की न मरावं, हे त्याला तरी ठाऊक असेल की नाही कुणास ठाऊक. कडूबा तोंडात तंबाखू टाकायचा विसरून हात तसाच धरून उभा.

आवाज बसला नाही. आभाळात सुई ओढावी तसा सरळ वर गेला. तिनं विमानाला हवेतच लोळवलं, उलटं उडवलं, जमिनीलगत आणून परत उभं चढवलं. शाळेची पोरं येऊन पोहोचली होती, खुर्च्यांवर चढून ओरडत होती. टाकीतला शेवटचा थेंब संपला तेव्हाच ते गप्प झालं, आणि तिनं ते शेठच्या चपलांपाशी येऊन थांबेल असं उतरवलं.

"चला, झालं," शेठ म्हणाला. "दुपारी पोरांना असंच दाखव."

बस. एवढंच. ना चुकलं, ना माफ कर. अभय पुटपुटला, "पूजेचं काढलं, आता बघा पुढं काय होतंय." दुपारी माईकवर शेठनं सांगितलं की आमच्या क्लबनं अथक प्रयत्नांनी इंजिनातला बिघाड शोधून काढला. सुकेशनीचं नाव? घेतलं नाही. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी म्हणालो, "असल्या लोकांत तू पुन्हा पाय ठेवू नको. तुझं विमान घे, इंजिन त्याच्या तोंडावर फेक, चल."

ती पंख पुसत होती. "मी कामून जाऊ?" म्हणाली. "ठरलं होतं ते मी जिंकले. जायचं असंल तर त्यानं जावं."

"जागा त्याची आहे."

"असू दे. सुई माझी हाय."

मी निवेदन रिक्षाच्या सीटखाली टाकून ठेवलं. अजून तिथंच आहे. लागेल कधीतरी.

पुढचा दसरा आला. आदल्या दिवशी सुकेशनी मला म्हणाली, करमाडला चला. तिथं तिनं विमानाची टोपी काढली, स्क्रू एका डबीत घातले, कार्बोरेटरच्या तोंडात फडकं कोंबून दोरीनं बांधलं आणि टोपी मांडीवर घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी आम्ही लेणीच्या पायऱ्या चढत असताना तिचा मोबाइल वाजला. क्लबच्या ग्रुपवर फोटो. झेंडूच्या माळांनी लगडलेलं विमान, पुढून बोडकं. खाली शेठनं विचारलं होतं, 'टोपी कुठं आहे?'

तिनं तिथंच थांबून लिहिलं, 'घरी.' आणि मोबाइल पिशवीत टाकला.

पुढच्या रविवारी गेलो तर विमानाला सोनं वाहिलेलं होतंच. आपट्याची दोन पानं, दोऱ्यानं, मागं शेपटाला बांधलेली. गाठ म्हातारीच्या हातची दिसत होती. सुकेशनीनं पानं चाचपली, दोरा ओढून बघितला, सुकाणू हलवून बघितलं. मग तसंच राहू दिलं. पुढं जाऊन टोपी बसवली, सुईपाशी गुडघा टेकला आणि मान न वळवता ओरडली, "शेपूट कोण धरतंय?"

कुणी हललं नाही. मी उठायला लागलो तर तिनं मला हातानंच थांबवलं.

"अभय!"

अभयनं शेठकडं बघितलं. शेठ चहा पीत होता. त्यानं कपातून डोकं वर काढलं नाही. अभय पाय आपटत आला, तोंड वाकडं करून विमानामागं उकिडवा बसला आणि शेपूट धरलं.

"घट्ट," ती म्हणाली, आणि इंजिन पेटवलं. सगळा धूर त्याच्या तोंडावर.